भ्रमणध्वनीवरील शोध : तंजावरच्या निमित्ताने

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी आज गाडीतून उतरण्यापूर्वीच ते शहर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून घेतो. बृहदीश्वराचे मंदिर किती वाजता उघडते, सरस्वती महाल ग्रंथालय स्थानकापासून किती दूर आहे, मुक्कामाला जागा कोठे मिळेल, जवळचे एटीएम कोणत्या रस्त्यावर आहे, असे सारे प्रश्न तो हातातल्या यंत्राला विचारतो आणि क्षणार्धात उत्तरे मिळवतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच कामासाठी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसावे लागे. भारतात सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले होते. पंधरा दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन सेवा बरीच वर्षे वेगवेगळ्या वाटांनी चालल्या आणि २०१६ नंतर फोर-जी सेवा स्वस्त झाल्यावर बहुसंख्य भारतीयांच्या बाबतीत एकरूप झाल्या. ज्यांनी संगणक कधी हाताळलाच नाही अशा असंख्य लोकांसाठी महाजाल म्हणजे मोबाईलच होय.

या सोयीची दुसरी बाजू बँकेच्या ग्राहकांना जवळून ठाऊक असायला हवी. शोधात सर्वांत वर आलेले उत्तर कोणी पडताळून तेथे ठेवलेले नसते. तरीही पुष्कळ लोक आपल्या बँकेचा दूरध्वनी क्रमांकसुद्धा असाच शोधतात, वर दिसलेल्या क्रमांकावर बोट ठेवतात आणि काही मिनिटांत खात्यातील रक्कम गमावून बसतात. चुकीचा क्रमांक वर येतोच कसा, हे कळण्यासाठी शोधयंत्राचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. तंजावर हे गाव त्यासाठी फार सोयीचे आहे. तेथे याद्यांचा आणि शोधाचा इतिहास जुना आहे, आणि एकाच गोष्टीला अनेक नावे आहेत.

न्यायाधीशांची सूची आणि यंत्राची सूची

तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा आहे. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी तो जोपासला आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत त्याला आजचे वैभव प्राप्त करून दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषांतील हस्तलिखिते तेथे आहेत. तथापि एवढ्या मोठ्या संग्रहात नेमके काय आहे, हे बाहेरच्या अभ्यासकाला कळण्याचा मार्ग बराच काळ नव्हता. तंजावर येथे न्यायाधीश असलेले आर्थर कोक बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची तयार केली. ती १८८० मध्ये लंडन येथे छापली गेली. ती हाती आल्यावर हजारो मैल दूर असलेल्या अभ्यासकालाही, राजवाड्याचा उंबरठा न ओलांडता, एखादा ग्रंथ तेथे आहे की नाही हे सांगता येऊ लागले.

शोधयंत्र हेच करते. प्रश्न विचारल्याबरोबर ते सारे महाजाल धुंडाळू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. शोधयंत्राच्या आज्ञावली अहोरात्र संकेतस्थळांवर फिरत असतात, एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, तेथील शब्द टिपून घेतात आणि त्यांची एक प्रचंड सूची करून ठेवतात. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, याची ही नोंद असते. ग्राहकाने प्रश्न विचारला म्हणजे यंत्र ही सूची पाहते. म्हणूनच उत्तर पापणी लवते न लवते तोच येते.

बर्नेल यांच्या सूचीत आणि या सूचीत एक मोठा फरक आहे. बर्नेल यांनी हस्तलिखित उघडून, ते जाणून मग नोंद केली होती. यंत्र पानावरचे शब्द मोजते, त्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात ते पाहते, लोक कोणत्या उत्तरावर थांबतात याचा अंदाज बांधते आणि या सर्वांवरून क्रम ठरवते. पान लिहिणारा खरा की लबाड, हे ओळखण्याचे प्रयत्न यंत्राकडूनही होतात, पण ती ओळख अंदाजाचीच असते.

सूचीत जे नाही ते शोधात कधीच येत नाही, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तंजावरच्या मराठी राज्याच्या कारभाराचे कागद मोडी लिपीत आहेत आणि त्यांचे शेकडो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांपैकी काही कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले आहे. मोडी लिपीला युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात २०१४ मध्ये स्थान मिळाले. परंतु जोवर मोडी कागद कोणीतरी वाचून अक्षरांत उतरवत नाही, तोवर त्याचे छायाचित्र महाजालावर असले तरी यंत्राच्या लेखी ते केवळ चित्र असते. मोबाईलवर काही सापडले नाही म्हणून ते अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढणारा तरुण अभ्यासक तंजावरला गेला तर तेथील रुमाल पाहून चकित होईल.

एका गावाची चार नावे

मराठीत ‘तंजावर’, तमिळमध्ये ‘तंजावूर’, इंग्रजी अमदानीत ‘टँजोर’ आणि हिंदीत ‘तंजौर’ अशी या गावाची नावे आहेत. सरफोजीराजांचे नाव सरफोजी, सर्फोजी, शरभोजी असे अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. देवनागरी, तमिळ व रोमन या तीन लिप्या धरल्या तर एकाच राजाच्या नावाची दहा-बारा रूपे सहज होतात. आजची शोधयंत्रे यांतील बरीच रूपे एकच आहेत हे ओळखतात. तरीही कोणते रूप वापरले त्यावरून वर येणारी पाने बदलतात. ‘तंजावर’ असे देवनागरीत लिहिल्यास मराठी लेख, वृत्तपत्रे आणि मराठ्यांचा इतिहास पुढे येतो. रोमन लिपीत ‘तंजावूर’ लिहिल्यास सरकारी कार्यालये, गाड्यांची वेळापत्रके आणि हॉटेले येतात. जुनी पुस्तके, कंपनी सरकारचा पत्रव्यवहार किंवा सोनेरी वर्खाची सुप्रसिद्ध चित्रे हवी असतील तर ‘टँजोर’ हेच नाव उपयोगी पडते. ज्याला हवे ते सापडत नाही त्याने प्रश्न लांबवण्यापेक्षा नाव बदलून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

लिपीचा प्रश्न तंजावरच्या मराठी कुटुंबांना अधिक जाणवतो. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही कुटुंबे घरात दक्षिणी मराठी बोलतात. परंतु पुष्कळांचे शिक्षण तमिळ किंवा इंग्रजीतून झाल्यामुळे देवनागरी वाचन-लेखनाचा सराव राहिलेला नाही. ज्या गावी सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी मुद्रणालय सुरू केले आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, त्या गावच्या मराठी माणसाला मोबाईलवर मराठी शोधण्यासाठी रोमन अक्षरांचा आधार घ्यावा लागावा, ही गंमतीची आणि काहीशी खेदाचीही गोष्ट आहे. आता ‘बोलून शोधा’ ही सोय आली आहे. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी व तमिळसह आठ भारतीय भाषांत ती उपलब्ध केली. टंकलेखनाचा त्रास त्यामुळे वाचला. तथापि यंत्राला शिकवलेली मराठी आणि तंजावरच्या घरात बोलली जाणारी मराठी यांत अंतर आहे, आणि चुकीचा ऐकलेला शब्द चुकीच्या पानावर नेतो. बोलून झाल्यावर पडद्यावर नेमके काय उमटले ते एकदा वाचून घेणे बरे.

यंत्राला जागा कळते

संगणकावरील शोध आणि मोबाईलवरील शोध यांत सर्वांत मोठा भेद जागेचा आहे. मोबाईल उपग्रहांचे संकेत, आसपासचे मनोरे आणि वाय-फाय यांवरून स्वतःचे ठिकाण जाणतो व शोधयंत्राला कळवतो. ‘एटीएम’ एवढाच शब्द पुण्यात लिहिला तर पुण्यातील आणि तंजावरात लिहिला तर तंजावरातील यंत्रे दिसतात. प्रश्न आखूड झाले ते यामुळेच.

मात्र जागेचा हा अंदाज कधी कधी फसवतो. तमिळनाडूत मंगल कार्यालयांच्या नावांत ‘महाल’ हा शब्द सर्रास असतो. तेव्हा ग्रंथालयाचे नाव अर्धवट लिहून नुसता ‘महाल’ शोधणारा प्रवासी हस्तलिखितांऐवजी एखाद्या लग्नघराच्या दारात उभा राहिला, तर दोष नकाशाला देता येणार नाही. ग्रंथालय राजवाड्याच्या आवारात आहे, एवढे ठाऊक असलेल्या माणसाची अशी चुकामूक होत नाही.

चार बोटांचा पडदा

संगणकाच्या पडद्यावर आठ-दहा उत्तरे एकाच वेळी दिसतात. मोबाईलवर एक किंवा दोन दिसतात, आणि त्यांतही पहिली जागा पुष्कळदा जाहिरातीची असते. तिच्यावर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो, पण घाईत तो कोण वाचतो? अंगठ्याने पडदा सरकवणे फारसे श्रमाचे नसले तरी बहुतेक लोक पहिल्या उत्तरावरच थांबतात. प्रश्न पूर्ण लिहिण्यापूर्वी यंत्र स्वतःच सूचना देते, आणि इतरांनी जे विचारले तेच विचारण्याकडे मन वळते. २०२४ पासून गुगलच्या शोधात भारतातही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश काही प्रश्नांवर वर दिसू लागला आहे. त्यामुळे मूळ पान उघडण्याचीही गरज अनेकांना वाटेनाशी झाली आहे.

याचा परिणाम कसा होतो याचे एक चविष्ट उदाहरण तंजावरच्या स्वयंपाकघरातले आहे. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मला, आमसुले संपली म्हणून चिंच घातली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजीमहाराजांवरून त्याला नाव पडले, ही कथा मोबाईलवर शोधताच असंख्य पानांवर सापडते. शब्दही जवळजवळ तेच असतात. एकाने दुसऱ्यावरून आणि दुसऱ्याने तिसऱ्यावरून ती उतरून घेतली, हे त्यावरून उघड दिसते. एखाद्या समकालीन कागदाचा आधार मात्र ही पाने सहसा देत नाहीत. ज्या शहाजीराजांच्या दरबारात ही घटना घडली असे सांगतात ते १६८४ मध्ये गादीवर आले आणि संभाजीमहाराजांचा अंत १६८९ मध्ये झाला. त्या पाच वर्षांत महाराज मोगलांशी झुंजत होते. कथा गोड आहे आणि ती सांगण्याने कोणाचे नुकसानही होत नाही. परंतु शंभर पानांवर आहे म्हणून ती सिद्ध झाली असे यंत्र मानू शकते, वाचकाने मानू नये.

बँकेच्या क्रमांकाबाबत हीच गोष्ट घडते तेव्हा नुकसान होते. ठकसेन एखाद्या बँकेच्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकाच्या नावाने अनेक पाने तयार करतात. त्या पानांवर बँकेचे नाव, गावाचे नाव आणि ग्राहक जे शब्द शोधतात ते सारे शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेले असतात. क्रमांक तेवढा त्यांचा स्वतःचा असतो. यंत्राच्या सूचीत ही पाने शब्दांना तंतोतंत जुळतात आणि वर येतात. काही वेळा पैसे भरून जाहिरात दिली जाते. नकाशावरील नोंदींत तर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. २०१८ च्या उत्तरार्धात एका राष्ट्रीयीकृत बँकेने महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली होती की, गुगलच्या नकाशावर तिच्या शाखांचे दूरध्वनी क्रमांक परस्पर बदलले गेले आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘बी अवेअर’ या नावाची जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत शोधयंत्रावरून मिळवलेल्या क्रमांकाद्वारे होणाऱ्या फसवणुकीची स्वतंत्र नोंद आहे.

संगणकावर चुकीचा क्रमांक दिसला तर तो दूरध्वनीवर फिरवेपर्यंत विचार करायला थोडा अवधी मिळत असे. मोबाईलवर शोध आणि संभाषण एकाच यंत्रात असल्याने क्रमांकाला बोट लागताच फोन लागतो. शिवाय हा फोन ग्राहकाने स्वतः केलेला असतो. अनोळखी फोन आला तर माणूस सावध असतो. आपणच केलेल्या फोनवर पलीकडचा माणूस बँकेचाच, असे तो गृहीत धरतो. परगावी कार्ड अडकले आहे, गाडीची वेळ झाली आहे, भाषा येत नाही, अशा वेळी मराठीत किंवा हिंदीत बोलणारा तो गोड आवाज देवासारखा वाटतो.

त्यानंतरचा क्रम ठरलेला असतो. ‘तक्रार नोंदवण्यासाठी’ एक ॲप घ्यायला सांगितले जाते. ते दूरनियंत्रणाचे असते. ग्राहकाचा सारा पडदा त्या ॲपद्वारे पलीकडच्याला दिसू लागतो. अशा ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. किंवा ‘पैसे परत पाठवतो’ असे म्हणून यूपीआयचा पिन घालायला लावतात. येथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवावी : यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी.

पत्ता वाचण्याची कला

बँकेचा क्रमांक शोधयंत्रात न शोधता पासबुकावर, कार्डाच्या मागील बाजूस किंवा बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये पाहावा. घर सोडण्यापूर्वीच तो मोबाईलमध्ये बँकेच्या नावाने साठवून ठेवला तर परगावी शोधण्याचा प्रसंगच येत नाही. संकेतस्थळ उघडायचेच असेल तर त्याचा पत्ता वाचता आला पाहिजे. मोबाईलवर पत्त्याची पट्टी आखूड असते व लांब पत्ता अर्धाच दिसतो. त्या पट्टीवर बोट ठेवून तो पूर्ण पाहावा.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर आपली संकेतस्थळे हलवण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे पत्ते देण्याचा अधिकार हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेकडे असल्याने कोणाही ऐऱ्यागैऱ्याला असा पत्ता मिळत नाही. मात्र पाहणाऱ्याने पत्त्याच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतच पाहावे आणि त्या रेघेच्या अगदी आधी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे की नाही ते तपासावे. हेच शब्द पत्त्याच्या मध्यभागी असून पुढे ‘डॉट कॉम’ किंवा आणखी काही जोडलेले असेल, अथवा ‘बँक’ या शब्दाच्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर तो पत्ता बँकेचा नव्हे.

कुलपाच्या चिन्हाबद्दलही गैरसमज आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की ग्राहक आणि ते संकेतस्थळ यांमधील संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही. संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक आहे, असे ते चिन्ह सांगत नाही. ठकसेनालाही कुलूप सहज मिळते. लोक त्याचा भलताच अर्थ घेतात म्हणूनच गुगलने आपल्या क्रोम या न्याहाळकातून ते २०२३ मध्ये काढून टाकले. तीच गोष्ट ‘खाजगी खिडकी’ची. तिच्यात पाहिलेल्या पानांची नोंद त्या मोबाईलमध्ये राहत नाही. खोटे पान खोटेच राहते.

फसवणूक झालीच तर

पहिला फोन बँकेला आणि दुसरा १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला करावा. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते. ती रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लाज वाटून किंवा घरच्यांना काय सांगावे या विचाराने पुष्कळ जण दोन दिवस गप्प बसतात, आणि तेच दोन दिवस ठकसेनाला हवे असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची तत्त्वे घालून दिली. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोटा पडू नये, असे त्यात म्हटले होते. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा संकेतांक दिला असेल तर कळवण्यापूर्वीचा तोटा त्याच्यावर पडतो. कळवल्यानंतरचा मात्र नाही. म्हणून अशा प्रकरणीही तत्काळ कळवण्याला अर्थ आहे. सध्याच्या नियमांचा तपशील शाखेत विचारून घ्यावा.

शाखांतील कर्मचाऱ्यांचाही या बाबतीत मोठा वाटा आहे. आपल्या शाखेची नकाशावरील नोंद स्वतःच्या मोबाईलवर अधूनमधून उघडून पाहणे, तेथील क्रमांक शाखेचाच आहे ना हे तपासणे आणि चुकीचा असल्यास वरिष्ठ कार्यालयास त्याच दिवशी कळवणे, याला पाच मिनिटे लागतात. तंजावरसारख्या यात्रेच्या व पर्यटनाच्या गावी, जेथे मराठी, तेलुगू, हिंदी बोलणारे परगावचे ग्राहक रोज येतात, तेथे एटीएमच्या खोलीत बँकेचा खरा क्रमांक ठळक अक्षरांत तमिळ आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही लावलेला असावा. कार्ड अडकलेल्या माणसाची नजर सर्वांत आधी समोरच्या भिंतीवर जाते. तेथे क्रमांक दिसला नाही, तरच त्याचा हात खिशातील मोबाईलकडे वळतो.